शालनची झील

शनिवारी दुपारी मी आणि शालन दिलीपच्या किचनमध्ये गवारी निवडत बसलो होतो. दिलीप आमचा मुलगा, त्याचं घर न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला. गवारी आदल्या दिवशी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली, वरून कोवळी दिसणारी आणि हातात घेतली की जून. मी म्हणालो, "दुकानदारानं फसवलं. निम्मी जून आहे." शालन म्हणाली, "जून आहे." मी म्हणालो, "शिरा नीट काढ. मागल्या वेळी दातात अडकली." ती म्हणाली, "अडकली." आमचं बोलणं बेचाळीस वर्षं हे असंच. मी बोलायचं आणि शेवटचा तुकडा तिनं उचलायचा. त्यानंतर चहाची वेळ व्हायच्या आत ती गेली. आजार नाही, ताप नाही, काही नाही. हे वाक्य मी चार दिवस लिहितोय आणि खोडतोय. लिहिलं की दुसऱ्या कुणाच्या तरी बायकोचं वाटतं.

मी कोल्हापूरला फाउंड्रीत मोल्डर होतो, ओतकामाचे साचे करायचो. शाळा चौथीपर्यंत. तोंडानं फटकळ. लग्न झालं तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला वाटलं, ही बाई मला चिडवते. मी म्हणायचो, "आंघोळीला पाणी काढ." ती म्हणायची, "पाणी काढ," आणि काढायची. मी म्हणायचो, "डबा लवकर पाहिजे." ती म्हणायची, "लवकर पाहिजे." एक दिवस मी ताट ढकललं आणि ओरडलो, "घरात पोपट पाळलाय काय मी?"

"पाळलाय काय मी," ती म्हणाली, आणि मग तोंडावर पदर धरून इतकी हसली की माझी आई चूल सोडून बाहेर आली.

"मुद्दाम करत न्हाई ओ," तिनं नंतर सांगितलं. "झील हाय ती. तोंडात बसलीया."

तिचा बाप गोंधळी होता. लोकांच्या घरी लग्नकार्य झालं की देवीचा गोंधळ घालायचा. तो पुढं उभा राहून गायचा आणि त्याचा भाऊ मागं उभा राहून त्याच्या ओळीचं शेपूट धरून परत म्हणायचा. ती झील, आणि म्हणणारा झीलकरी. भाऊ पिणारा. एकदा घरी सराव चालू असताना तो भिंतीला टेकून झोपला. बापानं ओळ टाकली, मागून कुणी उचलेना. तेव्हा दाराआड भाकरी थापणाऱ्या शालननं उचलली. दहा-अकरा वर्षांची असेल. बापानं मागं वळून बघितलं नाही, संबळही थांबवलं नाही, पुढची ओळ टाकली. त्या दिवसापासून लग्न होईपर्यंत घरातल्या सरावाला झील तिचीच, पण दाराआडून. पोरीला कुणी चौकात उभी करणार नव्हतं.

बापाचं एक सांगणं तिनं जन्मभर धरलं होतं. "पुढच्याचा दम संपायच्या आत मागच्यानं उचलायचं. त्याला उघडं पडू द्यायचं न्हाई." हे ती गाण्याबद्दल सांगायची आणि बाकी कशाबद्दलही. भिशीतल्या बाईचा हप्ता चुकला, शेजारणीचं पोरगं नापास झालं, माझं साहेबाशी भांडण झालं. "उघडं पडू द्यायचं न्हाई," म्हणायची आणि जाऊन उभी राहायची. मागं उभी राहायची, पुढं कधी नाही.

आता माझं सांगतो. लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ती भांडी घासताना मोठ्यानं गात होती. गल्लीतले दोघंतिघं थांबून ऐकत होते. मी कामावरून आलो, ते बघितलं आणि आत जाऊन म्हणालो, "ही गोंधळ्याची वस्ती नाही. आजपासून गाणं बंद."

"गाणं बंद," ती म्हणाली.

आणि केलं बंद. रुसली नाही, रडली नाही, पुन्हा विषय काढला नाही. दिलीप लहान असताना त्याला थोपटायचीसुद्धा नुसतं थोपटून. मी तेव्हा मनात म्हणालो, बायको चांगली मिळाली, ऐकणारी. गाण्यातली नुसती शेपटं तिच्याजवळ उरली होती आणि ती माझ्या बोलण्याला लावत होती, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी अमेरिकेत कळलं. तेही दुसऱ्यांनी दाखवल्यावर.

दोन हजार चार साली दिलीपनं आम्हाला इकडं आणलं. मला वाटलं होतं, इंग्रजीवाचून आमचे हाल होतील. माझे झाले. शालनचे नाहीत. तिला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं आणि तरी सगळ्या गल्लीला वाटायचं, बाईचं इंग्रजी चांगलं आहे. दुकानातली मुलगी म्हणायची, "हॅव अ नाइस डे." ही म्हणायची, "नाइस डे." समोरच्या घरातली बार्बरा म्हणायची, "इट्स सो कोल्ड." ही मान हलवून म्हणायची, "सो कोल्ड." साडीवर दिलीपचा जुना कोट, खाली पांढरे स्पोर्ट शूज, आणि तोंडात समोरच्याचेच शब्द. लोक खूश.

"तुम्ही बी तसंच करा," ती मला सांगायची. "समजलं न्हाई तर शेवटचा शब्द परत म्हणायचा. माणसाला बरं वाटतं, कुणीतरी ऐकलं म्हणून."

"मी पोपट नाही," मी म्हणायचो.

"पोपट नाही," ती म्हणायची.

एकदा मात्र फजिती झाली. घरी कुणी नसताना फोन आला. पलीकडचा बराच वेळ बोलला आणि शेवटी म्हणाला, "यू वॉन्ट इट, राइट?" शालन म्हणाली, "राइट." पुढच्या महिन्यात दिलीपच्या घरच्या फोनची कंपनीच बदलली. दिलीप कपाळाला हात लावून बसला. "आई, अगं राइट राइट काय म्हणतेस? तुझ्या एका राइटनं अख्खी कंपनी बदलली."

"बदलली," शालन म्हणाली. मग मला हळूच म्हणाली, "पण बोलत हुता लई गोड."

कोल्हापूरच्या बायका 'मी येते' म्हणत नाहीत, 'मी येतो' म्हणतात. आमची सूनबाई वैशाली पुण्याची. तिला याचं फार हसू यायचं. "आई, तुम्ही येतो म्हटलं की मला वाटतं बाबाच बोलले." शालन म्हणाली, "बाबाच बोलले. मागनं मी."

बार्बरा सत्तरीची, नवरा गेलेला, चर्चच्या गाण्याच्या ग्रुपमध्ये गाणारी. तिच्या चर्चच्या तळघरात दर शनिवारी सकाळी म्हाताऱ्या लोकांसाठी फुकट इंग्रजीचा वर्ग असायचा. ती शालनला गाडीतून न्यायची. नात ईशा अकरा वर्षांची, ती मदतीला जायची. मी पण जायचो, पण बाहेरच्या बाकावर बसायचो. मला इंग्रजी शिकायचं नव्हतं.

गेल्या डिसेंबरात एका शनिवारी वर्ग सुटला तेव्हा वर चर्चमध्ये गाण्याची तालीम चालू होती. पुढं जे झालं ते मला ईशानं सांगितलं. ते गाणं चारशे वर्षांपूर्वीचं, इटलीतल्या कुठल्याशा चर्चच्या मास्तरनं बांधलेलं, येशूच्या आईचं स्तोत्र. पुष्कळ माणसं मिळून गातात, पण मधे एक जागा अशी की सगळे गप्प होतात. एकच माणूस पुढं उभा राहून आभाळाला विचारतो. आणि कुठून तरी, न दिसणारा दुसरा आवाज त्याच्या शेवटच्या शब्दाचं शेपूट परत म्हणतो. तेच उत्तर. त्या दिवशी तो न दिसणारा माणूस नव्हता, नोकरी लागून बॉस्टनला गेलेला. पुढचा गायला, थांबला. मागून कुणी उचलेना. शालन तळघरातून जिना चढत होती, कोटाची बटणं लावत. तिनं उचललं.

मला ईशा म्हणाली, "आजोबा, एव्हरीबडी टर्न्ड अराउंड. आजीला कळलंच नाही तिनं काय केलं."

मास्तर म्हणजे त्यांच्या ग्रुपचा शिकवणारा, उंच, वाळका, पन्नाशीचा. तो धावत जिन्यापाशी आला. शालनला वाटलं, आता रागावणार. ती म्हणाली, "सॉरी." हा शब्द तिचा स्वतःचा होता. तो म्हणाला, "अगेन." ती म्हणाली, "अगेन." तो म्हणाला, तसं नाही, गाऊन. ईशानं समजावलं. तेव्हा तिनं तिथंच, जिन्यात, पुन्हा उचललं. तिचा आवाज जाड होता, पितळेच्या घागरीत बोलल्यासारखा. मास्तर खाली पायरीवर बसला म्हणे.

ती जागा त्यानं तिला दिली. मार्चअखेरच्या एका रविवारी दुपारी गाणं होतं. सात-आठ ठिकाणी तिला उचलायचं होतं, त्याच जिन्यात उभं राहून, कुणाला न दिसता. मी बाकावर बसलेलो असताना ती बाहेर आली आणि मला हे सांगितलं. मी म्हणालो, "मास्तर खुळा दिसतोय." तिनं शेपूटसुद्धा उचललं नाही. गाडीत बसल्यावर म्हणाली, "मी करू काय ओ?"

बेचाळीस वर्षांपूर्वीचं दोघांनाही आठवत होतं. मी म्हणालो, "कर."

"कर," ती म्हणाली, आणि पुढं घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

घरी तिची उजळणी ईशा घ्यायची. तिला त्या शब्दांचा अर्थ पाहिजे होता. ईशा मास्तरला विचारून आली. पुढं गाणारा मोठा शब्द म्हणतो आणि मागच्याच्या वाट्याला जे शेपूट येतं, तो एक वेगळाच शब्द असतो, त्याला स्वतःचा अर्थ असतो. ईशाला मराठीत सांगता येईना. दिलीपनं सांगितलं, "आई, म्हणजे असं. तो म्हणतो 'समाधान'. तू म्हणतेस 'धान'."

शालन मग म्हणाली, "बरोबर हाय. आभाळाकडं पोतं भरून मागायचं, आभाळ मूठभर देतं. पण देतं."

अडचण एकच आली. मास्तर तिला सारखा म्हणायचा, "वेट." ती लवकर उचलायची. पुढच्याचा शब्द पुरता संपायच्या आत हिचा सुरू. गोंधळात तेच बरोबर, इथं तेच चूक. इथं पुढचा पूर्ण थांबला पाहिजे, चर्चमध्ये शांतता झाली पाहिजे, आणि मग मागून आवाज आला पाहिजे.

"आजी, ही सेज वेट. आवाजाला वर जाऊन परत यायला टाइम लागतो," ईशा सांगायची.

"अगं, पण तोवर तो मेला एकटा उभा ऱ्हातोय. सगळ्यांसमोर. उघडा."

"इट्स ओके, आजी. त्याला उघडंच राहायचंय."

हे तिला पटलं नाही. पण मास्तरचा शब्द होता, म्हणून तिनं सवय लावून घ्यायचं ठरवलं. मनात 'एक' म्हणायचं आणि मग उचलायचं. सवय घरात लावायची, म्हणजे माझ्यावर. जानेवारीपासून आमच्या बोलण्यात फट पडली. मी म्हणायचो, "मीठ कमी आहे." ती भाजी वाढत राहायची. मी वाट बघायचो. मग यायचं, "कमी आहे." मी वैतागलो. "अगं, कार्ड लावून इंडियाला फोन केल्यासारखं वाटतंय. निम्म्या वेळेला कळत नाही, लाइन आहे का कट झाली."

ती हसली. एक म्हणून मग म्हणाली, "कट झाली."

तीन महिने मी बाकावरच बसलो. थंडीत बसलो, बर्फ पडला तेव्हा बार्बराच्या गाडीत बसलो, पण आत गेलो नाही. शालननं एकदाच विचारलं, "आत येऊन ऐका की एकदा." मी म्हणालो, "मला काय कळतंय त्यातलं." ते खोटं होतं. आत गेलो असतो तर बेचाळीस वर्षं मी काय बंद करून ठेवलं ते माझ्याच कानांनी ऐकावं लागलं असतं. माझ्यात ती हिंमत नव्हती. पुन्हा तिनं विचारलं नाही. पण शनिवारी बाकावर मला सोडून आत जाताना दारात जरा थांबायची. एक म्हणायची बहुतेक.

आता तो शनिवार. उद्या गाणं होतं. सकाळी शेवटची मोठी तालीम करून आलो, जेवलो, आणि गवारी घेऊन बसलो. बारीक काठाची काळी साडी इस्त्री करून तिनं खुर्चीच्या पाठीवर टाकली होती. गाणारे सगळे काळं घालणार होते. मी म्हटलं होतं, "तू जिन्यात उभी. तुला बघतंय कोण?" ती म्हणाली होती, "देवी बघत्या की."

माझी मान खाली होती. शेंग हातात होती. का कोण जाणे, तेव्हाच तोंडातून निघालं. मी म्हणालो, "शालन, उद्या मी आत येऊन बसतो."

उत्तर आलं नाही.

मला वाटलं, फट आहे. एक म्हणत असेल. मी शेंग मोडली, शीर काढली, टाकली. दुसरी घेतली. मनात म्हणालो, आज जरा जास्तच थांबली, मुद्दाम करते, तीन महिने मी वाट बघायला लावली तिला, आता मला लावते. तिसरी घेतली. मला बरंसुद्धा वाटत होतं. ही आता काय म्हणेल, नुसतं 'बसतो' म्हणेल का 'आत येऊन बसतो' असं सगळं म्हणेल, त्याची मी वाट बघत होतो. चौथी शेंग जून होती, मोडेना. ती दाखवायला मी मान वर केली.

ती तशीच बसली होती. हातात अर्धी मोडलेली गवारी. डोळे माझ्याकडे.

मी जिन्याखालून दिलीपला हाक मारली. पुढचं गाडी, माणसं, हॉस्पिटल, ते मला धड आठवत नाही आणि आठवून उपयोगही नाही. डॉक्टरनं दिलीपला सांगितलं, मेंदूतली शीर फुटली, क्षणात गेल्या, आधी धावला असतात तरी काही झालं नसतं. दिलीप हे मला रोज सांगतो. मी त्याला विचारतो, "क्षणात म्हणजे माझ्या वाक्याच्या आधी का नंतर?" ऐकून गेली का न ऐकता गेली, एवढंच मला पाहिजे. तेवढंच कुणाला सांगता येत नाही.

चर्चमधल्यांनी गाणं एक आठवडा पुढं ढकललं. मी गेलो, आत बसलो, शेवटच्या बाकावर. मास्तरनं तिच्या जागी कुणाला उभं केलं नाही. पुढचा गायचा, थांबायचा, आणि सगळं चर्च त्या जिन्याकडं कान लावून बसायचं. मी दर वेळी मनात एक म्हटलं. मग पुढचा पुन्हा गायला लागायचा. एकटा, उघडा. शालनला हे आवडलं नसतं.

पण त्याच्या आधीची, ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. मी काय केलं ते.

दिलीप आणि वैशाली ईशाला घेऊन कागदपत्रांसाठी गेले होते. मी म्हणालो होतो, मी घरी थांबतो. मास्तरला, बार्बराला कळवायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं; आदल्या दिवशी हॉस्पिटलची गाडी आली तेव्हा बार्बरा घरी नव्हती. गाणं दुपारी, पण गाणाऱ्यांना सकाळीच बोलावलं होतं. साडेनऊला बेल वाजली. दार उघडलं तर बार्बरा, काळा ड्रेस, हातात गाण्याची काळी फाइल. तोंडभर हसत म्हणाली, "गुड मॉर्निंग! इज शी रेडी?"

"रेडी," मी म्हणालो.

मला समजलं नाही मी काय केलं. समजलं नाही तर शेवटचा शब्द परत म्हणायचा, हे शालनचं सांगणं, तेवढंच तोंडातून बाहेर आलं. ती म्हणाली, "आय विल वेट इन द कार." मी म्हणालो, "कार." तिला बरं वाटलं. ती जाऊन गाडीत बसली आणि गाडी चालू ठेवली.

दार लावून मी आत वळलो. खुर्चीवर काळी साडी. टेबलावर गवारी तशीच, कुणी उचललेली नव्हती. आणि बाहेर एक बाई शालनची वाट बघत बसलेली, मी हो म्हटलं म्हणून. सगळ्या जगात त्या वेळी ती एकटीच अशी होती, जिच्यासाठी शालन अजून वर साडी नेसत होती. मी खिडकीतून बघत उभा राहिलो. मला वाटलं, बसू दे. आणखी थोडा वेळ असू दे असंच. पण बार्बरानं आरसा खाली करून केस नीट केले, शेजारच्या सीटवरची पर्स उचलून मागं ठेवली, आणि ती सीट हातानं झाडली. शालनच्या बसायची सीट. तेव्हा मला राहवलं नाही.

मी तसाच अनवाणी बाहेर गेलो. बार्बरानं काच खाली केली. माझे पाय बघितले. "व्हेअर इज शालन?"

'डेड' हा शब्द मला येत होता. फाउंड्रीत साहेब लोक बंद पडलेल्या मशीनला म्हणायचे. तो मला तिला लावायचा नव्हता. दुसरा येत नव्हता. मी गाडीच्या दाराला धरलं आणि म्हणालो, "शालन. नो मोअर."

बार्बरा माझ्याकडं बघत राहिली. गाडीचं इंजिन चालू होतं. मग, कुणी मनात एक म्हणावं एवढ्या वेळानं, ती म्हणाली, "नो मोअर."

प्रश्न नव्हता तो. तिनं नुसतं उचललं. मला बरं वाटलं, कुणीतरी ऐकलं म्हणून. मग तिचे ओठ हलायला लागले. ते तिला पुन्हा म्हणायचं होतं. "नो," म्हणाली आणि तिथंच तिचा दम संपला, तोंड उघडं राहिलं.

मी थांबलो नाही. "मोअर," मी म्हणालो.